शेवटचा पेपर ते नाताळची मिस्सा : अमेरिकेतून वसईला घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांचे फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते आणि डिसेंबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातील अंतिम परीक्षांनी संपते. नाताळ २५ डिसेंबरला. मधल्या पाचदहा दिवसांत पेपर, प्रकल्पांचे अहवाल, घराला कुलूप, दोन खंडांवरून विमानप्रवास आणि विमानतळावरून वसईपर्यंतची वाट एवढे सगळे बसवायचे असते. एम.एस.च्या दोन वर्षांत मी हा प्रवास दोनदा केला. पहिल्या वेळी २५ तारखेच्या पहाटे घरी पोहोचले आणि मिस्सा हुकली. दुसऱ्या वेळी १९ तारखेला पोहोचले आणि आजीबरोबर बसून कुलकुले वळले. दोन्ही वर्षांचे विषय सारखेच कठीण होते. फरक एवढाच होता, की दुसऱ्या वर्षी तयारी सप्टेंबरमध्ये सुरू केली.

हा लेख वसईच्या ख्रिस्ती घरांतून पहिल्यांदाच अमेरिकेला शिकायला गेलेल्यांना समोर ठेवून लिहिला आहे. गोव्याला किंवा महाराष्ट्रात अन्यत्र जाणाऱ्यांना सातवी पायरी सोडल्यास बाकी सर्व लागू पडेल. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून पुन्हा तपासून घ्यावेत.

१. तिकिटाच्या आधी परीक्षेची तारीख शोधा (सप्टेंबर)

नवख्या विद्यार्थ्याची पहिली चूक येथेच होते. विमानाचे दर वाढत आहेत असे मित्र सांगतात, आणि आपण परीक्षा कधी आहे हे न पाहताच १५ किंवा १६ डिसेंबरचे तिकीट काढून मोकळे होतो. वास्तविक अंतिम परीक्षांचे वेळापत्रक विद्यापीठाचे रजिस्ट्रार कार्यालय बहुधा सेमिस्टरच्या सुरुवातीलाच जाहीर करते. अनेक ठिकाणी वर्ग कोणत्या वारी आणि किती वाजता भरतो, यावरून त्या विषयाच्या परीक्षेचा दिवस ठरतो, त्यामुळे मंगळवारी सकाळी भरणाऱ्या वर्गाची परीक्षाही मंगळवारीच असेल असे समजू नये. वेळापत्रकात प्रत्येक विषय स्वतंत्रपणे शोधावा, ज्या विषयांना लेखी परीक्षा नाही त्यांच्या अहवालाची किंवा सादरीकरणाची अंतिम तारीखही त्याच कागदावर लिहावी, आणि या सर्वांतील सर्वांत शेवटची तारीख हाच आपला शून्य दिवस मानावा.

माझ्या पहिल्या वर्षी तिकीट १६ तारखेचे होते आणि शेवटचा पेपर १९ तारखेला निघाला. प्राध्यापकांना विनंती केली तेव्हा त्यांनी अत्यंत सौजन्याने अभ्यासक्रमपत्रिकेतील एक ओळ दाखवली : प्रवासाचे बेत हे परीक्षा पुढेमागे करण्याचे कारण मानले जाणार नाही. ती ओळ ऑगस्टपासून तेथेच होती, मी ती वाचली नव्हती. २३ तारखेच्या आधीची जागा मिळाली नाही, आणि तारीख बदलण्यासाठी भरलेल्या पैशांत महिन्याभराचा किराणा आला असता.

एकाच दिवशी तीन पेपर येत असतील, तर मात्र अनेक विद्यापीठांत त्यांपैकी एक पुढेमागे करून घेण्याचा अधिकृत मार्ग असतो. त्या अर्जालाही मुदत असते आणि ती परीक्षेच्या कितीतरी आधी संपते.

२. कागदपत्रे (ऑक्टोबर)

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याने अमेरिकेबाहेर जाणे सोपे असते; प्रश्न परत येण्याचा असतो. त्यासाठी दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट आय-२० वरील, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या प्रमाणपत्रावरील, प्रवासाची सही. आय-२० च्या दुसऱ्या पानावर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याची सही लागते. शिक्षण चालू असलेल्या विद्यार्थ्यासाठी ती एक वर्ष चालते. शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, असणाऱ्यांसाठी सहा महिनेच. आपण परत येऊ त्या दिवशी ती सही मुदतीत असली पाहिजे, निघण्याच्या दिवशी असून भागत नाही. डिसेंबरात या कार्यालयाकडे शेकडो अर्ज एकदम येतात, म्हणून ऑक्टोबरमध्येच सही घेऊन ठेवावी.

दुसरी गोष्ट पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का. त्याची मुदत फक्त अमेरिकेत प्रवेश करण्यासाठी पाहिली जाते. अमेरिकेत राहत असताना तो संपला तरी शिक्षणात खंड पडत नाही, आणि म्हणूनच तो संपल्याचे कित्येकांच्या लक्षातही येत नाही. संपलेला शिक्का घेऊन घरी गेल्यास परतण्यापूर्वी नवा व्हिसा घ्यावा लागेल. अमेरिकेच्या वकिलातीचे मुंबईतील कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. नाताळ आणि नववर्षदिन या सुट्ट्यांना ते बंद असते, आणि त्या हंगामात मुलाखतीची वेळ मिळवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. शिवाय मुलाखत झाल्यावर अर्ज २२१(जी) कलमाखाली प्रशासकीय छाननीसाठी थांबवला गेला, तर पासपोर्ट कधी हाती येईल हे कोणीही सांगू शकत नाही आणि स्प्रिंग सेमिस्टर बहुतेक ठिकाणी जानेवारीतच सुरू होते. माझे स्पष्ट मत असे आहे, की शिक्का संपलेला असेल आणि मुलाखतीची निश्चित वेळ हाती नसेल, तर त्या वर्षी नाताळला जाऊ नये, उन्हाळ्याच्या सुट्टीत जावे. आईला हे सांगणे जड जाते, पण फेब्रुवारीत वसईत अडकून पडणे त्याहून जड जाईल.

हातातील बॅगेत पुढील कागद असावेत. मोठ्या सामानात यांपैकी एकही टाकू नये.

– पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत असलेला असावा, म्हणजे वाटेत वाद होत नाही
– मुदतीतील एफ-१ व्हिसा. तो जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट
– प्रवासाच्या सहीसह आय-२०, छापील स्वरूपात, सर्व पाने
– सेविस शुल्काची पावती
– पुढील सेमिस्टरसाठी नाव नोंदवल्याचे पत्र आणि आजवरची गुणपत्रिका
– खर्चाच्या तरतुदीचा पुरावा : बँकेचे विवरण किंवा असिस्टंटशिपचे पत्र
– परतीचे तिकीट आणि विद्यार्थी कार्यालयाचा संपर्क क्रमांक, कागदावर लिहिलेला

या कागदांची छायाचित्रे ईमेलवर ठेवावीत. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते.

३. तिकीट काढताना

शून्य दिवसानंतर निदान एक पूर्ण दिवस मोकळा सोडावा. मध्य-पश्चिमेकडील राज्यांत डिसेंबरात हिमवर्षाव होतो; शिकागोसारख्या मोठ्या विमानतळावरही विमानाच्या पंखांवरचा बर्फ काढण्यात वेळ जातो आणि पुढचे विमान चुकते. म्हणून गावातील लहान विमानतळापासून मुंबईपर्यंतचा सगळा प्रवास एकाच आरक्षणात असावा. मग पहिले विमान रखडले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. दोन स्वतंत्र तिकिटे जोडून थोडे डॉलर वाचतात खरे, पण वाटेत सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावे लागते, त्या देशाच्या व्हिसाचा प्रश्न उभा राहू शकतो, आणि विमान चुकल्यास दुसरी कंपनी हात वर करते.

अमेरिकेहून १७ तारखेला निघालेला माणूस मुंबईत बहुधा १९ तारखेला उतरतो, कारण घड्याळ साडेदहा ते साडेतेरा तासांनी पुढे जाते. ही साधी बेरीज घाईत चुकते. पहिल्या वर्षी २३ तारखेच्या रात्रीचे बदललेले तिकीट पाहून मला आनंद झाला होता, तेव्हा ते मला २५ तारखेला पोहोचवणार आहे हे मी पाहिलेच नव्हते.

दिल्लीमार्गे जाणारे तिकीटही विचारपूर्वक घ्यावे. उत्तर भारतात डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत दाट धुके पडते, सकाळची विमाने तासन्‌तास थांबतात, आणि इमिग्रेशन व कस्टम्स बहुधा दिल्लीतच उरकून सामान पुन्हा द्यावे लागते. दोहा, दुबई किंवा अबू धाबीमार्गे थेट मुंबईत उतरणे मला अधिक सुरक्षित वाटते. अबू धाबीची आणखी एक गोष्ट आधीच ठाऊक असावी : परतताना अमेरिकेचे इमिग्रेशन तेथेच, विमानात बसण्यापूर्वी होते, त्यामुळे तेथे दोन विमानांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे.

४. थँक्सगिव्हिंगनंतरचे आठवडे

सगळ्यांत अवघड भाग हाच आहे, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग येते, त्या आठवड्यात काही दिवस किंवा पूर्ण आठवडा वर्ग बंद असतात, आणि सुट्टीवरून परतल्यावर शिकवण्याचे जेमतेम एकदोन आठवडे उरतात. सर्व विषयांचे प्रकल्प, शेवटचे गृहपाठ आणि सादरीकरणे याच दिवसांत येऊन आदळतात. भारतातील पद्धतीची सवय असलेल्या विद्यार्थ्याला अभ्यासाची रजा मिळेल असे वाटते; येथे ती बहुतेक ठिकाणी एकच दिवस असते, काही ठिकाणी तीही नसते.

मी दुसऱ्या वर्षी वापरलेली पद्धत सांगते. शून्य दिवसापासून उलटी मोजणी करून प्रत्येक अहवालाची स्वतःची तारीख खऱ्या तारखेच्या चार दिवस आधी ठेवली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत फिरायला न जाता सर्वांत मोठ्या प्रकल्पाचे लेखन पूर्ण केले, फक्त आकडे आणि आलेख भरायचे ठेवले. गटात काम असेल तर पहिल्याच बैठकीत आपली निघण्याची तारीख सांगून टाकावी. शेवटच्या दिवशी ती कळली, तर सहकाऱ्यांचा रोष ओढवतो आणि तो रास्तच असतो. ज्या विषयात आधीच चांगले गुण जमले आहेत, त्याच्या अंतिम परीक्षेचे एकूण गुणांत वजन किती, हे पाहून अभ्यासाचे तास वाटावेत. सर्व विषयांना समान वेळ देणे दिसायला न्याय्य आहे, पण व्यवहारात ते चुकीचे ठरते.

टीचिंग असिस्टंट असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. आपला पेपर झाला म्हणजे आपण सुटलो असे होत नाही, कारण ज्या विषयाला आपण मदतनीस आहोत त्या विषयाच्या उत्तरपत्रिका त्यानंतर तपासायच्या असतात आणि प्राध्यापकांना गुण ठरावीक दिवसाच्या आत भरावे लागतात. आपल्याला कधी निघायचे आहे हे प्राध्यापकांना ऑक्टोबरमध्येच सांगावे आणि तपासणीचे वाटप त्याप्रमाणे करून घ्यावे. घरी बसून तपासू, असे आश्वासन देऊ नये. २१ तारखेला घरात करंज्यांचे सारण भाजले जात असताना बंद खोलीत उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाचा कोणालाच उपयोग नसतो.

काही कारणाने काम पुरे होणारच नसेल, तर ‘इन्कम्प्लीट’ श्रेणी मागता येते, परंतु ती प्राध्यापकांच्या संमतीने आणि बहुधा आजारपणासारख्या कारणासाठीच मिळते. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये, कारण ते काम पुढच्या सेमिस्टरच्या डोक्यावर बसते. विमानात बसल्यावर काही ऑनलाइन जमा करायचे शिल्लक असेल, तर वेळेचा हिशेब नीट करावा : शिकागोच्या वेळेनुसार रात्री ११:५९ म्हणजे वसईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११:२९, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार १०:२९.

नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचे चार रविवार नेमके याच गर्दीत येतात. विद्यापीठाच्या आवाराजवळ कॅथोलिक विद्यार्थी केंद्र असेल तर तेथील रविवारची मिस्सा चुकवू नये, आणि कुमसारही (पापनिवेदन) तेथेच करून घ्यावा. घरी पोहोचल्यावर चर्चमध्ये त्या आठवड्यात लांब रांगा असतात.

५. घर बंद करताना

वसतिगृहात राहणाऱ्यांना शेवटच्या पेपरनंतर फार थोड्या तासांत खोली सोडावी लागते, म्हणून ती वेळ आधी विचारून घ्यावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हीटर पूर्ण बंद करू नये. कडाक्याच्या थंडीत भिंतीतील नळ गोठून फुटतात आणि नुकसानीचा खर्च भाडेकरूच्या माथी येऊ शकतो. तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये आणि सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवावीत. टपाल खात्याकडे पत्रे थांबवून ठेवण्याची विनंती ३ ते ३० दिवसांसाठी करता येते. जानेवारीचे भाडे आणि पुढच्या सेमिस्टरचे शुल्क यांच्या तारखा सुट्टीतच येतात. ते निघण्यापूर्वी भरून टाकावे.

६. फोन आणि ओटीपी

विद्यापीठाच्या खात्यात शिरण्यासाठी फोनवर येणारी दुहेरी पडताळणी वसईतही लागणार आहे. अमेरिकन क्रमांक बंद पडला आणि फोन बदलला, तर जानेवारीत गुणही दिसत नाहीत आणि शुल्कही भरता येत नाही. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान कक्षाकडून पर्यायी संकेतांक घेऊन ठेवावेत. भारतीय बँकेशी जोडलेले जुने सिम रिचार्जअभावी बंद झाले नाही ना, हे घरच्यांना आधी पाहायला सांगावे.

७. सहार ते वसई

मुंबईच्या सहार विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल २ वर उतरतात, बहुधा मध्यरात्री किंवा पहाटे. अंधेरीपासून वसई रोड स्थानक पश्चिम रेल्वेने सुमारे ३० किलोमीटर आहे. तरीही दोन मोठ्या बॅगा घेऊन संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये शिरण्याचे धाडस करू नये. मी एकदा केले, आणि वसईला उतरायचे ते विरारला उतरले. पहाटेच्या गाडीला जागा मिळते. मोटारीने येणार असाल, तर घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलाच्या परिसरात महामार्गावर वाहतूक तुंबते, म्हणून सकाळ उजाडण्यापूर्वी तो टप्पा ओलांडावा. घरून सगळे कुटुंब घ्यायला येणार असे कळले, तर गाडीत दोन माणसे कमी आणायला सांगावे. सामान कोठे ठेवायचे याचा विचार कोणी केलेला नसतो.

८. घरी पोहोचल्यावर

वसईत मिस्सा मराठीत होते, आणि सणाला आपण नाताळच म्हणतो. पोर्तुगिजांनी हा शब्द मागे ठेवला आणि आपण तो पूर्णपणे आपला केला. पण नाताळ २५ तारखेला सुरू होत नाही. येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्याच्या हिरवळीसाठी नाचणी किंवा गहू आठवडाभर आधी पेरावे लागतात, बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधून तिला कागद चिकटवायचा असतो, फळे भिजवून केकची तयारी करायची असते, कुलकुल्यांचे पीठ मळून काट्याच्या पाठीवर एकेक वळायचे असते आणि मग ते पाकात घोळवायचे असतात. दोदोल ही घट्ट मिठाई ढवळायला तर दंडात बळ असलेला माणूसच लागतो. या कामांना हात लावायचा असेल तर २० तारखेच्या आत घरी असले पाहिजे.

पहिले तीनचार दिवस झोप उलटीपालटी होते. दिवस झोपून काढू नये, उन्हात बसावे. वाडीत पाणी सोडायला जाण्याइतका चांगला उपाय नाही. २३ तारखेला उतरणारा माणूस २४ च्या रात्रीच्या मिस्सेत प्रवचनाच्या वेळी हमखास झोपतो. पहाटे तीनला जाग आलीच, तर स्वयंपाकघरात जावे. माझी आजी त्या वेळी फुग्यांचे, म्हणजे तळून करायच्या गोल पावांचे, पीठ फेसत असायची, आणि सेमिस्टरबद्दल तिने विचारलेला एकमेव प्रश्न होता, “तुला तिथे जेवायला कोण देते?” गुणांची चौकशी नातेवाईक करतात, त्याला एका वाक्यात उत्तर द्यावे आणि ताट पुढे करावे.

दिवाळीला ज्या शेजाऱ्यांकडून फराळ आला असेल, त्यांच्याकडे नाताळचे ताट पोहोचवण्याचे काम बाहेरून आलेल्या मुलाने अंगावर घ्यावे. गावातल्या सगळ्यांची भेट त्यातच होऊन जाते आणि स्वतंत्र भेटीगाठींसाठी दिवस मोडावे लागत नाहीत.

९. परतीची बॅग

अमेरिकेच्या कस्टम्समध्ये मांस घातलेला कोणताही पदार्थ चालत नाही, त्यामुळे सोरपोतेल आणि इंद्याल घरीच खाऊन निघावे. ताजी फळेही चालत नाहीत. भारतातून तांदूळ नेण्यास बंदी आहे, कारण त्यातून खापरा भुंगेरा ही धान्यातील कीड तेथे पोहोचण्याची भीती असते. भाकरीसाठी तांदळाचे पीठ न्यावे. करंज्या, कुलकुले, लोणचे, मसाले नेता येतात. सुकी मासळीही नेता येते, मात्र ती तीनचार पिशव्यांत घट्ट बांधली नाही तर शेजाऱ्याच्या कपड्यांनाही वास लागतो. अख्खे सुके खोबरे विमान कंपन्या सामानात घेत नाहीत. जे काही खाण्याचे असेल ते कस्टम्सला सांगावे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो.

सामानाची मर्यादा बहुधा २३ किलोच्या दोन बॅगांची असते, पण ती आपल्या तिकिटावर पाहावी. बॅगेचे वजन घरीच करावे, आणि केल्यानंतर आईला तिच्याजवळ एकटे सोडू नये. माझ्या बॅगेत दुसऱ्या वर्षी विमानतळावर दीड किलो जास्त भरले. उघडल्यावर कपड्यांच्या घडीत बाटली मसाल्याच्या दोन बाटल्या सापडल्या. त्या मी हातातल्या बॅगेत घेऊ लागले, तर सुरक्षा तपासणीत अडवतील असे सांगण्यात आले. शेवटी दोन पुस्तके आणि एक स्वेटर बाहेर काढून पप्पांच्या हाती दिला आणि मसाला घेऊन गेले.